तेल सोडू की भात? महापेतल्या तीन पिढ्यांच्या ताटाची नोंद

लावणी आटोपली, पाऊस काही हात सैल सोडत नाही. त्यामुळे या आठवड्यात शेताची नोंद थोडी आणि पोटाची जास्त. मागच्या महिन्यात युरियाच्या दुसऱ्या हप्त्यावर लिहिलं होतं, तर त्याखाली तिघांनी भलतंच विचारलं : "दादा, वजन कसं उतरवलं? तेल सोडलं का भात?"

दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण आमच्या घरात या प्रश्नाची उत्तरं पन्नास वर्षांत तीन वेळा बदलली. त्यातलं एक उत्तर माझ्या बाबांनी जिवावर उदार होऊन पाळलं. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आजोबांचं ताट

आमचं मूळ गाव महापे. आज शिळफाट्याकडून खाली उतरलात की मिलेनियम बिझनेस पार्कच्या इमारती, कंपन्यांच्या भिंती आणि कंटेनरची रांग दिसते. माझ्या आजोबांच्या वेळी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत भातच भात. वर गोडी जमीन, खाली खार. खारीला बांध, बांधाला उघाडी. भरतीचं पाणी आत आलं की वर्षाचं पीक गेलं, म्हणून रात्री कंदील घेऊन बांधावर फिरायचं.

खाणं काय? तांदळाची भाकरी, भात, खाडीतली निवटी, बोय, चिंबोरी. पावसाळ्यात सुकट आणि सुके बोंबील. वालाचं बिरडं. तेल म्हणजे एक बाटली, ती पुरवून पुरवून वापरायची. घरची एक म्हैस होती, तिचं तूप सणाला आणि बाळंतिणीला. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर चरबी अगदी कमी आणि पिष्ट भरपूर. आजी सांगायची, लावणीच्या दिवसांत एका गड्याला दिवसाला अर्धा किलोच्या वर तांदूळ लागायचा.

एवढा भात खाऊनही आजोबा काठीसारखे. यात जादू नाही. राब भाजायचा, आवण काढायचं, गुडघाभर चिखलात बैलामागे चालायचं, दिवसभर वाकून लावायचं. अर्धा किलो तांदळात साधारण १७५० कॅलरी. त्या कामाला त्याहून जास्तच लागत असतील. आणि तांदूळ घरी सडलेला, अंगावर कोंड्याचा पापुद्रा राहिलेला.

पण "पूर्वी सगळं छान होतं" असं मी म्हणणार नाही. श्रावण-भाद्रपदात कणगी तळाला जायची. आजीची दोन मुलं लहानपणीच गेली. सडपातळ असणं आणि निरोगी असणं एक नव्हे, हे आमच्या घरातच दिसलं होतं.

जमीन गेली, भात राहिला

१९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहायला लागली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली योग्य मोबदल्यासाठी जे आंदोलन झालं, त्यात उरणकडे गोळीबारात पाच जण गेले. त्या इतिहासावर पुष्कळांनी लिहिलंय. मला त्यातली एकच गोष्ट इथे मांडायची आहे.

जमीन गेली तेव्हा बाबा कंपनीत लागले. मशीनसमोर आठ तास उभं राहायचं, कधी बसायचं. चिखलणी संपली, लावणी संपली, बांधावरची रात्रीची फेरी संपली. भात मात्र तेवढाच राहिला. उलट गिरणीचा पांढराशुभ्र झाला. आजी बाबांना ताट वाढताना म्हणायची, "भात तेवराच खातंस, पन काम कुटं करतंस?" आहारशास्त्रावर पुढे मी जे काही वाचलं, त्यात याहून सरळ वाक्य मला सापडलं नाही.

तेलाची बाटली पिंपाएवढी कशी झाली

दुसरा बदल तेलाचा. आपल्याकडे वनस्पती तूप मोठ्या प्रमाणावर करायला सुरुवात झाली ती मुंबईत शिवडीला, १९३२ मध्ये. १९३७ मध्ये डालडा हे नाव आलं. खऱ्या तुपात हे मिसळून विकायचे, म्हणून सरकारने नियम केला की वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालायचंच. तिळाचं तेल रसायनाने लगेच ओळखू येतं, म्हणजे भेसळ पकडता येते. आपला तीळ असा पोलिसाच्या कामाला लागला होता!

तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते हृदयाला वाईट, हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली. २०२२ पासून आपल्याकडे त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तोवर दोन पिढ्यांच्या दिवाळ्या डालड्यात तळून झाल्या होत्या.

मग रेशनवर पामतेल आलं. १९८६ मध्ये केंद्राने तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन काढलं, उत्पादन वाढलंही. पण १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलाचा लोंढा आला. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. शेंगदाणा, करडई, कारळा पिकवणाऱ्याला त्याचा फटका बसला, हे तुम्हाला मी सांगायला नको. खाणाऱ्याच्या ताटात काय झालं ते सांगतो. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल म्हणजे माणशी रोज साधारण ३० ग्रॅम, जवळपास २७० कॅलरी. आजीच्या एका बाटलीशी तुलना करा. आणि हे तेल भाकरी कमी करून आलं नाही, भाकरीच्या वर आलं.

बाबांचं पथ्य

१९९१ मध्ये बाबांना पहिला झटका आला. वय ५१. डॉक्टरांनी सांगितलं : तूप बंद, अंडं बंद, करडईचं तेल वापरा. तेव्हाची रीतच ती होती, त्या डॉक्टरांचा दोष नाही.

हा सल्ला महापेपर्यंत कसा पोचला? अमेरिकेतले अँसेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांत पाहणी केली. जिथे प्राण्यांची चरबी जास्त खातात तिथे कोलेस्टेरॉल जास्त आणि हृदयविकार जास्त, असं त्यांनी मांडलं. १९६१ मध्ये अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने लोणी-तुपासारखी चरबी कमी करून वनस्पतींची तेलं वापरा असं सुचवलं. १९७७ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने सगळ्या देशालाच चरबी कमी करायला सांगितलं. मग प्रश्न आला : कोणतं तेल? ज्यात लिनोलिक आम्ल जास्त ते. आणि त्यात पहिल्या नंबरावर आपली करडई, जवळपास ७५ टक्के.

करडई म्हणजे सोलापूर, परभणीकडचं रब्बीचं कोरडवाहू पीक. ज्वारी-गव्हाच्या कडेने काटेरी ओळी लावायच्या, म्हणजे जनावरं आत शिरत नाहीत. एका पावसाच्या ओलीवर येणारी. सोलापूरची भीमा, परभणी कुसुम, फलटणच्या नारी संस्थेचे बिनकाट्याचे वाण, सगळं आपल्याच राज्यातलं काम. मुंबईच्या एका कंपनीने हे तेल सफोला नावाने हृदयाचं तेल म्हणून घरोघरी नेलं. कुंपणाचं पीक एकदम दवाखान्यात जाऊन बसलं.

बाबांनी सात वर्षं पथ्य पाळलं. म्हैस विकली. तुपाचा थेंब नाही. सुकं मासळी बंद. माझ्या बहिणीच्या लग्नात पुरणपोळीवर सगळ्यांना तूप वाढलं, ते स्वतः कोरडी खाऊन उठले. भात मात्र कोणी कमी करायला सांगितला नाही. चहात साखर, संध्याकाळी बिस्किटं, "यात तूप नाही" म्हणून. १९९८ मध्ये ते गेले. तेव्हा त्यांची शुगरही वाढलेली होती.

मग राग आला

२०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक जुना प्रयोग नव्याने मोजून छापला. सिडनीत १९६६ ते १९७३ दरम्यान, नुकताच हृदयाचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर तो झाला होता. एका गटाला लोणी-चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईचंच मार्गरीन दिलं, दुसऱ्याला नेहमीचा आहार. जुनी आकडेवारी शोधून काढून पुन्हा हिशेब केला तर करडईच्या गटात १७.६ टक्के माणसं दगावलेली, दुसऱ्या गटात ११.८ टक्के.

हे मला कळलं त्या रात्री झोप लागली नाही. माणसाने म्हैस विकली ती कशासाठी?

त्या रागात मी पुढची दोन वर्षं भेटेल त्याला सांगत सुटलो : तेल विष, तूप अमृत. आधार म्हणून आणखी एक अभ्यास हाताशी होताच. रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ मधल्या रेल्वे कामगारांच्या मृत्यूंची नोंद तपासून १९६७ मध्ये छापलं होतं. उत्तरेचे कामगार दक्षिणेपेक्षा कितीतरी पट जास्त चरबी खायचे, तीही दूध-तुपाची, आणि तरी हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण दक्षिणेत सातपट होतं. मी म्हणालो, झालं, सिद्ध झालं.

पण शेती करणारा माणूस फार काळ असा फसू शकत नाही. कर्जतला मी तीन एकर घेतलंय, तिथे वाणांच्या ओळी लावतो. शेजारच्या गावात उत्पन्न जास्त आलं तर ते वाणामुळे, मातीमुळे का पाण्यामुळे, हे नुसतं बघून कळतं का? उत्तर-दक्षिणेत चरबीच नव्हे, धान्य वेगळं, दही-ताक वेगळं, खाण्याची पद्धत वेगळी. मल्होत्रांनी स्वतःच या बाकीच्या गोष्टींकडे बोट दाखवलं होतं. सिडनीचा प्रयोग खरा प्रयोग होता, पण लहान, आणि त्यातलं मार्गरीन हेही गोंधळाचं कारण असू शकतं. तूप-लोण्याच्या जागी द्रव तेल वापरून फायदा दिसलेले प्रयोगही आहेत, म्हणून आजही बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ तेच सांगतात.

आणि बाबा? बाबा दिवसाला दोन बंडल बिडी ओढायचे. हे मी रागाच्या दोन वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

माझा नंबर

२०१६ मध्ये माझं वजन ९६ किलो, उंची साडेपाच फूट, तीन महिन्यांची शुगर ८.१. आधीचं एक वर्ष मी तेल जवळजवळ बंद करून पाहिलं होतं. फक्त दोन किलो उतरलं. कारण वहीत लिहिलेलं आहे : भूक लागायची, मग भात जास्त, आणि दिवसाला सहा चहा. सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम, २४० कॅलरी नुसत्या चहात.

तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचलं. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडामांसाने बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. "बारीक पण चरबीवाला" असं हे शरीर. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी आलेलं, आणि अचानक भरल्या ताटावर बसलेलं. वाचताना आजीची रिकामी कणगी डोळ्यांसमोर आली. काठीसारख्या आजोबांचा नातू ९६ किलोचा कसा, याचा एक धागा मला तिथे सापडला.

२०१८ च्या सुमारास तर प्रत्येक लग्नात एकच वाद : दीक्षित का दिवेकर? लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा आणि रोज चाला. ही वाट त्यांना डॉ. श्रीकांत जिचकारांकडून मिळाली होती. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, उपाशी राहू नका, घरचं, आपल्या मातीतलं खा, तुपाला आणि भाताला घाबरू नका. आमच्या वाड्यात भाऊ-भाऊ या वादात अबोला धरून बसले होते. वाद नवा नाही. १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या माणसाने पाव, साखर, बटाटा, बियर सोडून वीसेक किलो उतरवल्याची पुस्तिका काढली होती, तेव्हाही असंच गाजलं होतं.

मी काय केलं? भात एका वेळेवर आणला, तोही कच्चा तांदूळ ६० ग्रॅम मोजून. दुसऱ्या वेळी ज्वारीची भाकरी. कंपनीतला माझा जुना मित्र मंगळवेढ्याचा, तो मालदांडी पाठवतो. चहातली साखर बंद. सुकट, अंडी, वाल, मूग परत आणले. चमचाभर तूपही. आणि शेतावर मजूर कमी लावून बेणणी स्वतः करायला लागलो. चौदा महिन्यांत १७ किलो उतरलं, शुगर ६.३ वर आली.

आता खरा प्रश्न. कशाने उतरलं? भात कमी केल्याने, साखरेने, प्रथिनं वाढल्याने का बेणणीने? एकाच प्लॉटवर खत, वाण, पाणी सगळं एकदम बदललं तर कुठला कृषी सहायक सांगेल की फरक कशाने पडला? मीही सांगू शकत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला, २०१८ मध्ये छापला. निम्म्यांना चरबी कमी, निम्म्यांना पिष्ट कमी. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या खायला सांगितलं होतं. सरासरी एका गटाचं ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. फरक नसल्यासारखाच. पण प्रत्येक गटात कोणाचं पंचवीस किलोच्या आसपास उतरलं, तर कोणाचं वाढलं.

म्हणजे वाण सारखं, माती वेगळी.

माझं मत

मत माझं आहे, औषधाची चिठ्ठी नाही. महापेच्या माणसाला भाताने जाड केलं असं मी म्हणत नाही, तेलाने केलं असंही नाही. कष्ट गेले, कोंडा गेला, खाडीची मासळी गेली. भात तेवढाच राहिला, वर तेल आणि साखर आली. आपल्या ताटात पिष्ट आधीच भरपूर असतं, म्हणून आपल्यापैकी बसून काम करणाऱ्यांनी पहिला हात भात, साखर आणि मैद्यावर ठेवावा असं मला वाटतं. नुसतं तूप तोडून आणि जागेवर बिस्किट ठेवून काही होत नाही, हे मी घरात पाहिलंय. पण "तूप कितीही खा" हेही मी आता म्हणत नाही. माझा मुलगा सकाळी चहात दोन चमचे तूप घालतो आणि मग वडापाव खातो. दोन्ही पंथांचं पुण्य एकदम!

माझंही सगळं सरळ झालेलं नाही. लॉकडाऊनमध्ये पाच किलो परत आले, त्यातले तीनच पुन्हा उतरलेत. वही चालू आहे.

एक सूचना मात्र मनापासून. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझं वाचून उद्यापासून भात बंद करू नका. शुगर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरला सांगा, गोळ्या कमी कराव्या लागतात.

परवा दुकानात सहज एका "हृदयाच्या" तेलाच्या बाटलीवर वाचलं. करडईचं नाव नाही, मुख्य तेल भाताच्या कोंड्याचं. गिरणीत आम्ही जो कोंडा टाकून आलो, तो बाटलीत बसून आमच्याच घरी परत आला, पैसे देऊन. आणि करडई? मित्र सांगतो, काढणीला माणूस मिळत नाही, भाव मिळत नाही, पेरा कमी होत चाललाय.

बाबांना करडईने मारलं असं मी आता म्हणत नाही. त्यांना सांगितलं ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं, सांगणाऱ्यालाही तेवढंच माहीत होतं. फक्त बहिणीच्या लग्नातली ती पुरणपोळी त्यांनी तूप घालून खायला हवी होती, एवढंच वाटत राहतं.

तुमच्याकडे अजून कोणी करडई पेरतं का? कुठला वाण, घाण्यावर तेल किती निघतं? आणि घरात आजोबांच्या वेळी महिन्याला तेल किती लागायचं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. आकडे जमले की पुढच्या नोंदीत एकत्र मांडतो. तोवर बांध बघून या, पाऊस जोराचा आहे.